आठ पायांची भानगड

‘मदरबोर्ड गेलाय.’ हे दोन शब्द ऐकले की आपल्यासारख्या नोकरदार माणसाच्या पोटात जो गोळा येतो ना, तो अप्रेझलच्या मीटिंगमध्येही येत नाही. लॅपटॉप बंद पडायचा मुहूर्तही ठरलेला असतो. वॉरंटी संपून दोन महिने झालेले असतात, प्रेझेंटेशन दुसऱ्या दिवशी असतं आणि बॅकअप ‘या वीकेंडला नक्की’ घ्यायचा असतो. सर्व्हिस सेंटरच्या काचेपलीकडचा टाय लावलेला मुलगा स्क्रीनकडे बघत, अगदी शांतपणे, ते दोन शब्द उच्चारतो. पाठोपाठ एक आकडा येतो. त्या आकड्यात थोडी भर घातली की नवा लॅपटॉप येतो, हेसुद्धा तोच सांगतो. मग आपण ईएमआयचा हिशेब करत बाहेर पडतो.

तर मंडळी, आजचा विषय थोडा टेक्निकल आहे. पण घाबरू नका, इंजिनिअरिंगच्या व्हायव्हासारखं काही होणार नाही. सांगायचंय इतकंच, की ‘मदरबोर्ड गेला’ असं ज्याला म्हटलं जातं, त्यातल्या बऱ्याच केसेसमध्ये बोर्ड धडधाकट असतो. गेलेली असते ती त्याच्यावरची तांदळाच्या दोन-तीन दाण्यांएवढी एक काळी चिप. पाय आठ. किंमत म्हणाल तर दोघांच्या चहा-भज्यांच्या बिलाइतकी. आणि खरं तर चिपही गेलेली नसते, तिच्या आतला मजकूर बिघडलेला असतो. मजकूर पुन्हा लिहिला की मशीन उठून बसतं.

फंडा असा आहे. पॉवर बटण दाबल्यावर प्रोसेसर जागा होतो तेव्हा त्याला काहीही आठवत नसतं. रॅम कुठे आहे, कीबोर्ड कुठे आहे, विंडोज कशाशी खातात, काही म्हणजे काही नाही. इंटेल-एएमडीच्या प्रोसेसरला जन्मजात एकच सवय असते. उठल्या उठल्या एका ठरावीक पत्त्यावर जायचं आणि तिथे जे लिहिलंय ते वाचून कामाला लागायचं. त्या पत्त्यावर बसलेली असते ही चिप. तिच्यातला मजकूर म्हणजे फर्मवेअर, ज्याला आपण अजून सवयीने बायोस म्हणतो. हा शब्द १९७५ मधला, सीपीएम या ऑपरेटिंग सिस्टिममधून आलेला. १९८१ मध्ये आयबीएमचा पहिला पीसी आला तेव्हा त्याचा बायोस ८ किलोबाइटचा होता. आजच्या लॅपटॉपमधली चिप साधारण १६ मेगाबाइटची असते, म्हणजे दोन हजार पट मोठी. खाऊनपिऊन सुखी झालेल्या घरासारखं तिच्यात बरंच काय काय भरून ठेवलेलं असतं. त्याच्याकडे नंतर येऊ.

हा मजकूर बिघडतो कसा? सगळ्यात कॉमन कारण म्हणजे अर्धवट राहिलेलं अपडेट. ही चिप फ्लॅश जातीची. फ्लॅशमध्ये पाटीसारखं असतं, आधी पुसायचं आणि मग लिहायचं. पुसलं की प्रत्येक जागी एफएफ, एफएफ, एफएफ. आता पुसून झालंय, लिहायचं बाकी आहे आणि नेमकी तेव्हा वीज गेली, तर पुढच्या वेळी प्रोसेसर त्या पत्त्यावर जातो आणि त्याला कोरी पाटी दिसते. तो तिथेच थांबतो. पंखा फिरतो, लाइट लागतो, स्क्रीन काळी. रिपेअरवाल्यांच्या भाषेत ‘नो डिस्प्ले’.

दुसरं कारण, कुणीतरी मुद्दाम बिघडवणं. सीआयएच नावाचा व्हायरस काही जुन्या जाणत्यांना आठवेल. तैवानमधल्या चेन इंग-हाउ या विद्यार्थ्याने तो लिहिला आणि २६ एप्रिल १९९९ ला त्याने घात केला. चेर्नोबिलच्या अपघाताचा तोच दिवस, म्हणून त्याला चेर्नोबिल व्हायरस असंही नाव पडलं. हार्डडिस्कचा सुरुवातीचा भाग तर तो उडवायचाच, पण ठरावीक चिपसेट असलेल्या मशिनांचा बायोसही खराब करून टाकायचा. सॉफ्टवेअरने हार्डवेअरचा मुडदा पाडता येतो, हे सामान्य माणसाला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

आणि तिसरं, कुणाच्याही मनात वाईट नसताना झालेला घोटाळा. डिसेंबर २०१७ मध्ये उबुंटू १७.१० च्या एका ड्रायव्हरमुळे लेनोवोसह काही कंपन्यांच्या लॅपटॉपचे बायोस अडकून बसले. सेटिंग बदलली तरी सेव्ह होईना. तो ड्रायव्हर या चिपशी थेट बोलायचा आणि त्याने तिला असं काही सांगून ठेवलं की ती लिहूनच घेईना. डाउनलोड काही दिवस मागे घ्यावं लागलं. पुढे सॉफ्टवेअरनेच इलाज निघाला.

आमच्या घरातली केस मात्र पहिल्या प्रकारातली. माझा मावसभाऊ अंधेरीत एका ऑफिसात डिझायनर आहे. लॅपटॉप त्याचा स्वतःचा. रात्री साडेअकरा वाजता साहेबांनी ‘अपडेट अँड शट डाउन’ केलं. स्क्रीन काळी झाली, पंखा मात्र सुरूच. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मग पठ्ठ्याने पॉवर बटण दाबून धरलं. संपलं! सकाळी मला फोन. ‘दादा, एका क्लायंटचं अख्खं ब्रँडिंगचं काम आहे त्यात, गुरुवारी द्यायचंय. आणि सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात बोर्ड बदला, डेटाची गॅरंटी नाही.’ कंपनीचं नाव नको. सगळ्या भावंडांसारख्याच असतात त्या.

आम्ही गेलो लॅमिंग्टन रोडला. कागदोपत्री नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण रिक्षा-टॅक्सीवाल्याला ते सांगून बघा एकदा. ग्रँट रोड स्टेशनवरून चालत जायचं, खालच्या चकचकीत दुकानांकडे दुर्लक्ष करायचं आणि जिना चढायचा. खरी मजा वर असते. जिथे पाटीवर ‘चिप लेव्हल’ लिहिलेलं असतं, तिथे. साधारण आठ बाय दहाची खोली, तीन टेबलं, मायक्रोस्कोप, फ्लक्सचा तो तिखट वास आणि उघडून ठेवलेले लॅपटॉप. मुख्य कारागिराला सगळे उस्ताद म्हणतात. पन्नाशीचे असावेत. चष्मा कपाळावर.

माझ्या भावाने नमस्कार-चमत्कार न करता विचारलं, ‘काका, डेटा राहील ना?’

‘आधी मशीन बघू द्या साहेब. डेटा बायोसमध्ये नसतो, एसएसडीत असतो. तिला मी हातपण नाही लावला अजून.’

मला हे लोक आवडतात ते यासाठी. घाई नाही. चार्जरऐवजी टेबलावरच्या सप्लायमधून करंट दिला आणि किती खेचतोय ते बघितलं. मल्टिमीटरने दोन-चार जागी टेकवून व्होल्टेज तपासले. मधल्या काळात बायोस रिकव्हरीच्या की दाबून पाहिल्या. हे तुम्हीही लक्षात ठेवा. कित्येक कंपन्या मशिनातच एक राखीव कॉपी किंवा पेन ड्राइव्हवरून वाचायची सोय देतात. एचपीच्या बऱ्याच मॉडेलांत विंडोज आणि बी, डेलच्या बऱ्याच मॉडेलांत कंट्रोल आणि एस्केप दाबून धरायचं. दहा मिनिटांचं काम असतं आणि फुकटात होतं. आमच्या मशिनने मात्र दाद दिली नाही.

मग चिप. तिच्याभोवती पिवळी उष्णतारोधक टेप लावली, फ्लक्स घातला, गरम हवेचा ब्लोअर फिरवला आणि चिमट्याने अलगद उचलली. एका कोपऱ्यात बारीकसा ठिपका असतो, तो एक नंबरचा पाय. उलटी बसवली तर खेळ खल्लास. चिप प्रोग्रामरच्या खाचेत गेली. प्रोग्रामर म्हणजे काय, तर चिप वाचायचं आणि लिहायचं छोटं यंत्र, एका बाजूने कॉम्प्युटरला जोडलेलं.

आणि इथे उस्तादांनी जे केलं, त्यासाठी हा सगळा लेख लिहितोय म्हणा ना. त्यांनी काहीही लिहिण्याआधी जुना मजकूर वाचून फाईल सेव्ह केली. मग पुन्हा वाचली. दोन्ही फाईली ताडून पाहिल्या. सारख्या निघाल्या तेव्हाच पुढे गेले. मी विचारलं, बिघडलेलीच आहे तर ठेवायची कशाला?

‘साहेब, यात तुमच्या मशिनची जन्मपत्रिका आहे.’

त्यांनी फाईल उघडून दाखवली. मधला मोठा पट्टा एफएफ, एफएफ, एफएफ, म्हणजे कोरा. अपडेटने पुसलं, आणि लिहायला घेणार तेवढ्यात आमच्या चिरंजीवांनी बटण दाबलं. पण पट्ट्याच्या अलीकडे-पलीकडे भरपूर काही शाबूत होतं. इंटेलच्या लॅपटॉपात या चिपचे कप्पे असतात. पहिल्या कप्प्यात बाकीच्या कप्प्यांचा नकाशा. एकात इंटेलचं मॅनेजमेंट इंजिन, ज्याला हे लोक नुसतं ‘एमई’ म्हणतात. काही मशिनांत एक छोटा कप्पा नेटवर्क कार्डाच्या पत्त्याचा. आणि सगळ्यात मोठा बायोसचा. शिवाय लॅपटॉपचा सीरियल नंबर इथे असतो आणि विंडोज ८ च्या काळापासून, म्हणजे २०१२ पासून, कंपनीने घालून दिलेल्या विंडोजची किल्लीही इथेच असते. खाली चिकटवलेला तो होलोग्रामचा स्टिकर गेला, त्याचं कारण हे.

आता इंटरनेटवर तुमच्या मॉडेलच्या ‘बिन फाईल’ ढिगाने मिळतात. बिन म्हणजे अशीच कुणाच्या तरी मशिनची चिप वाचून ठेवलेली फाईल. घाईतला कारागीर काय करतो? जुनं वाचायच्या भानगडीत न पडता ती फाईल ठोकून देतो. लॅपटॉप सुरू होतो, तुम्ही खूश, तो खूश. पण आता तुमच्या लॅपटॉपात दुसऱ्याच कुणाचा सीरियल नंबर आहे. वॉरंटी तपासायला गेलात की भलत्याच मशिनची माहिती येते. विंडोजची तुमची किल्ली कायमची पुसली गेली. नेटवर्कचा पत्ताही परका. आणि त्या ‘एमई’च्या कप्प्यात दुसऱ्या बोर्डाची साठवलेली सेटिंग्ज राहिली, तर मशीन रुसून बसतं. डिस्प्ले यायला मिनिटभर लागतो, पंखा सुसाट सुटतो, झोपवलं तर उठत नाही. इंटेलच्या अनेक पिढ्यांमध्ये तर हा कप्पा खराब असला की लॅपटॉप सुरू होऊन बरोबर अर्ध्या तासाने आपोआप बंद पडतो. गिऱ्हाईक म्हणतं ‘गरम होतोय वाटतं’. कारागीर पंखा बदलतो, पेस्ट बदलतो, पैसे घेतो. रोग राहतो भलतीकडेच.

उस्तादांनी कंपनीच्या वेबसाइटवरून त्याच मॉडेलचं अपडेट उतरवलं, त्यातला फक्त बायोसचा भाग काढला आणि आमच्या जुन्या फाईलच्या कोऱ्या पट्ट्यात बसवला. बाकी सगळं आमचंच. रफू करावं तसं. कंपनीचा मूळ माल हवा याला आणखी एक कारण आहे. २०१३ पासून इंटेलने बूट गार्ड नावाची व्यवस्था आणली. कंपनीने ती चालू ठेवली असेल तर चिपमधल्या सुरुवातीच्या कोडवर तिची डिजिटल सही लागते आणि ती तपासायची खूण बोर्डातल्या सिलिकॉनमध्येच कायमची कोरलेली असते. त्या भागात खाडाखोड केली की मशीन सुरू होण्याचं नाव घेत नाही.

चिप पुसली, कोरी झाल्याची खात्री केली, लिहिली, पुन्हा वाचून ताडली. काही मिनिटांचं काम. चिप तीच वापरली. अशा चिपा लाखभर वेळा पुसून लिहिता येतात आणि मजकूर वीसेक वर्षं टिकतो, असं बनवणारेच सांगतात. पाणी सांडून पाय गंजले असतील किंवा लिहिलेलं पुन्हा वाचताना फरक निघत असेल, तरच नवी घालायची. बोर्डावर परत बसवली, बटण दाबलं. काळी स्क्रीन. दहा सेकंद. तीस सेकंद. भावाचा हात बटणाकडे जायला लागला.

‘हात खाली!’ उस्ताद पहिल्यांदाच ओरडले. नवा मजकूर घातल्यावर मशीन रॅमची ओळख नव्याने करून घेतं, पहिल्या वेळी जास्त वेळ लागतोच. मिनिटाभराने कंपनीचा लोगो आला. खोलीतल्या दोन अनोळखी गिऱ्हाइकांनीही टाळ्या वाजवल्या. मुंबई आहे बाबा.

पण पिक्चर अभी बाकी था. लोगोनंतर आली निळी स्क्रीन. बिटलॉकर रिकव्हरी, ४८ आकडी किल्ली टाका. भावाचा चेहरा पांढरा. ‘मी कधी लॉक केलं?’ त्याने नव्हतंच केलं. आजकालच्या अनेक लॅपटॉपांत मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की डिस्क आपोआप कुलूपबंद होते आणि ते कुलूप फर्मवेअरवर नजर ठेवून असतं. फर्मवेअर बदललेलं दिसलं की त्याला वाटतं, कुणीतरी गडबड केलीय. ते आपल्या जागी बरोबरच असतं. अशा वेळी ते ४८ आकडे नसतील तर जगातला कुठलाही उस्ताद तुमचा डेटा देऊ शकत नाही. म्हणजे बोर्ड जिवंत, एसएसडी ठणठणीत आणि तरी काम गेलं ते गेलंच.

सुदैवाने किल्ली त्याच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये साठवलेली होती. पण त्या अकाउंटचा पासवर्ड? तो साहेबांना आठवत नव्हता, लॅपटॉपला सेव्ह केलेला होता ना! फोनवर ओटीपी मागवून, दोन चुकीचे प्रयत्न करून अखेर सापडली. त्याने आकडे वाचले, मी टाइप केले. एवढ्या श्रद्धेने आम्ही दहावीचे सीट नंबरही वाचले नव्हते. डेस्कटॉप आला, क्लायंटचं फोल्डर दिसलं, भाऊ खुर्चीत मागे रेलला. तेव्हा प्लीज, आज ऑफिसातून घरी गेलात की पहिलं काम करा. ती किल्ली शोधा आणि कागदावर उतरवून ठेवा. लॅपटॉपमध्येच सेव्ह करू नका, आवरा!

आता तुमच्यातल्या हौशी मंडळींना वाटलं असेल, आपणही करू की घरी! सीएच३४१ए नावाचा प्रोग्रामर काहीशे रुपयांत ऑनलाइन मिळतो, सोबत चिप न काढता तिच्यावर अडकवायचा चिमटाही येतो. जरूर करा, पण जुन्या, आईबाबांच्या कपाटावर पडलेल्या लॅपटॉपवर. कारण एक तर त्या स्वस्तातल्या काळ्या प्रोग्रामरची एक जगजाहीर खोड आहे. चिपला लागतात ३.३ व्होल्ट आणि हा सिग्नलच्या तारांवर ५ व्होल्ट सोडतो. पुष्कळ चिपा सहन करतात, सगळ्याच करतील असं नाही. त्यातून नव्या लॅपटॉपांत बऱ्याचदा १.८ व्होल्टची चिप असते. तिच्यासाठी वेगळा अडॅप्टर लागतो, नाहीतर ती भाजून निघते. शिवाय चिमटा लावला की करंट चिपपुरता राहत नाही, बोर्डावरच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांकडेही जातो आणि वाचलेला मजकूर दर वेळी वेगळा येतो. म्हणून दोनदा वाचून ताडायचं. आणि ऑफिसचा लॅपटॉप असेल तर हात खिशात ठेवायचे. आयटीवाल्यांना द्या आणि चहा प्यायला जा.

मॅकवाल्यांनो, तुम्ही का हसताय? २०१७ पर्यंतच्या बहुतेक मॅकबुकांत हीच आठ पायांची गोष्ट होती, सीरियल नंबरसकट. २०१८ पासून टी२ चिपवाल्या मॅकबुकांत फर्मवेअर तपासायची सूत्रं तिच्याकडे गेली आणि नोव्हेंबर २०२० मध्ये एम१ आल्यावर तर सगळा मामलाच बदलला. आता दुसरा मॅक शोधायचा, केबल लावायची, आजारी मशीन डीएफयू मोडमध्ये न्यायचं आणि ॲपल कॉन्फिगरेटरने किंवा फाइंडरमधून फर्मवेअर पुन्हा घालायचं. तिथे दोन पर्याय दिसतात. रिव्हाइव्ह म्हणजे डेटा ठेवून, रिस्टोअर म्हणजे सगळं साफ. दुकानात मॅक देताना हा फरक तोंडी नव्हे, पावतीवर लिहून घ्या.

आम्ही बसलो होतो तेव्हा एक मुलगा मॅकबुक घेऊन आला होता. जुनं, फर्मवेअरला पासवर्ड लागलेलं. ‘मित्राचं आहे, लॉक काढून द्या.’ उस्तादांनी मशिनकडे पाहिलंही नाही. बिल आण म्हणाले. मुलगा जो गेला तो गेलाच. तंत्र तेच, चिपही तीच, आठच पाय. पण लॉक काढून देणारा पुढच्या गल्लीत भेटत असणार, हेही तितकंच खरं. चोरीच्या लॅपटॉपांचा धंदा काही हवेवर चालत नाही.

तेव्हा तुमच्यावर वेळ आली तर काउंटरवर टेकून एवढंच विचारा. जुना मजकूर वाचून ठेवणार का? नवी फाईल कंपनीची की कुठून उतरवलेली? सीरियल नंबर तोच राहील का? काम झाल्यावर बायोसमध्ये जाऊन तो खालच्या स्टिकरशी ताडून बघा, आणि मशीन तिथेच पाऊणएक तास चालू ठेवा. अर्ध्या तासाचा तो रोग असेल तर समोरच कळेल. जुन्या आणि नव्या दोन्ही फाईली पेन ड्राइव्हवर मागून घ्या. १६-१६ एमबीच्या तर असतात, लग्नाच्या व्हिडिओपेक्षा हलक्या. समोरचा ‘त्याची काय गरज’ म्हणाला, तर लॅपटॉप उचला आणि निघा. लॅमिंग्टन रोडवर पुढचा जिना दहा पावलांवर असतो.